मोबाइलच्या अ‍ॅक्सेसरीज : नऊ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः वायरीविषयी

नऊ महिन्यांपूर्वी नवा फोन घेण्याचा विचार मनात आला होता. तो मी बाजूला सारला आणि आहे त्याच फोनला जोडीच्या वस्तू घेऊन त्याच्याकडून अधिक काम काढून घ्यायचे ठरवले. त्याप्रमाणे १०,००० एमएएचची (एमएएच हे बॅटरीच्या क्षमतेचे माप) पॉवर बँक, टाइप-सी चार्जर, दोन वायरी, हब (फोनच्या एका तोंडाला अनेक वस्तू जोडून देणारी डबी), ट्रायपॉड, टेम्पर्ड ग्लास, वायरलेस चार्जिंगचा पॅड आणि ब्लूटूथ कीबोर्ड असा संसार हळूहळू जमला. या वस्तूंची वैशिष्ट्ये खोक्यावर छापलेली असतात आणि घेणाऱ्याला ती तोंडपाठ असतात, म्हणून ती येथे पुन्हा लिहीत नाही. लिहायला निमित्त झाले ते गेल्या महिन्यात एका वायरीवरून विक्रेत्याशी झालेले माझे भांडण; त्या भांडणात अर्धी चूक माझीच निघाली.

परंतु पहिली तक्रार वायरीची नव्हती, पॉवर बँकेची होती. माझ्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची आहे, तेव्हा १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तो दोन वेळा पूर्ण भरायला हवा, हा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात तो एकदा पूर्ण भरला आणि दुसऱ्या वेळी ३८ टक्क्यांवर पॉवर बँकेने मान टाकली. फसवणूक झाली अशी माझी खात्री पटली आणि ती सिद्ध करण्यासाठी मी चार्जर आणि वायर यांच्या मध्ये बसणारा, अंगठ्याएवढा, जाणारी वीज मोजणारा यूएसबी मीटर मागवला. एका वस्तूत बुडालेले पैसे मोजण्यासाठी दुसरी वस्तू घेणे हा काटकसरीचा विचित्र प्रकार आहे, हे मला मान्य आहे. तरीही या सगळ्या पसाऱ्यातली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर मी या मीटरचेच नाव घेईन.

मीटरने पॉवर बँकेला निर्दोष ठरवले. खोक्यावरचे १०,००० एमएएच आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून असतात, म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-तास. फोनला जाताना तीच ऊर्जा ५ किंवा ९ व्होल्टवर चढवावी लागते. ५ व्होल्टला ती ७,४०० एमएएच भरते आणि रूपांतरात जी उष्णता होते ती वजा जाता आणखी कमी उरते. पॉवर बँकेच्या पाठीवर, भिंग लावूनच वाचावे अशा अक्षरांत, ‘रेटेड क्षमता ६,००० एमएएच’ असे लिहिलेलेही होते. माझ्या मीटरने दोन बैठकांत मिळून २९.४ वॉट-तास मोजले, म्हणजे छापलेल्या ६,००० च्या जवळपास तेवढेच. फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते आणि भरताना फोनच्या आतही थोडे वाया जाते, तेव्हा एकदा पूर्ण आणि वर ३८ टक्के हा हिशेब चोख बसतो. मोठ्या अक्षरांत एक आकडा आणि बारीक अक्षरांत दुसरा छापण्याची रीत मला आजही आवडत नाही, पण लबाडीचा आरोप मी मागे घेतला. पॉवर बँकेबद्दल एकच गोष्ट सांगायची राहते. कानातल्या ब्लूटूथ इयरबड्सच्या डबीसारखी अगदी कमी प्रवाह घेणारी वस्तू लावली, की काहीच जोडलेले नाही असे समजून ती थोड्या वेळाने बंद होते. माझ्या पॉवर बँकेचे बटण दोनदा दाबले की ती कमी प्रवाहाच्या स्थितीत जाते, आणि हे मला चौथ्या महिन्यात कळले.

मीटर हाती आल्यावर मी घरातल्या साऱ्या वायरी काढून मोजायला बसले, आणि तेव्हापासून वायर हा माझ्या डोक्यातला किडा झाला आहे. टाइप-सीच्या वायरी दिसायला एकसारख्या असतात; कोणती किती वाहून नेते आणि कोणती नुसतीच लांब आहे, हे अंगावर कोठेही लिहिलेले नसते. नियमाप्रमाणे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी वायर ३ अँपिअरपर्यंत नेते आणि त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे असतील तर पिनेच्या आत ओळख सांगणारी चिप असावी लागते. फोनसाठी ३ अँपिअर पुष्कळ झाले. अडचण असते ती बारीक तारेची आणि लांबीची. माझ्याकडे जुन्या चार्जरसोबत आलेली, एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली दोन मीटरची वायर होती. चार्जरच्या तोंडाशी मीटर ५.१ व्होल्ट दाखवत होता. तोच मीटर वायरीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर ४.५ च्या आसपास. मधले व्होल्ट तार गरम करण्यात खर्ची पडत होते, आणि दाब घसरलेला दिसला की फोन स्वतःहून प्रवाह कमी घेतो. अंथरुणात पडून फोन चार्जिंगला लावून वाचता यावा म्हणून ही लांब वायर मी तीन वर्षे जपून ठेवली होती, आणि तीन वर्षे रात्री फोन सावकाश भरतो म्हणून बॅटरीला नावे ठेवत होते.

आता भांडणाकडे येते. नव्या दोन वायरींपैकी एक मीटरभराची, वर कापडी विणीचे वेष्टन असलेली होती आणि सात महिने तिने तक्रारीला जागा दिली नाही. आठव्या महिन्यात ती अधूनमधून सुटल्यासारखी वागू लागली. मीटरवर ९ व्होल्ट आणि पावणेदोन अँपिअर दिसत असत आणि फोन जरा हलला की मीटरचा पडदाच विझे. पुन्हा ५ व्होल्ट, मग दोन सेकंदांनी ९. असे होण्याचे कारण मला ठाऊक होते: टाइप-सीमध्ये एक छोटी पिन केवळ बोलणीसाठी असते, आणि समोर फोन आहे हे त्या पिनेवरून कळल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. तो संपर्क तुटला की सारे शून्य. वायरीची मान पिनेजवळ धरून वाकवली की संपर्क जुळे, सोडली की तुटे, तेव्हा तार मानेतच तुटली आहे असा निष्कर्ष मी काढला. दुसरी वायर लावून पाहिली, ती व्यवस्थित चालली. पुराव्यात आता काही कमी उरले नाही असे मला वाटले.

वायरीला वर्षभराची हमी होती. विक्रेत्याला मीटरच्या तीन छायाचित्रांसह मी पत्र पाठवले. पाच दिवसांनी उत्तर आले की ‘भौतिक हानी’ हमीत बसत नाही. वायर त्यांनी पाहिलेलीच नव्हती, मागवलीही नव्हती. मी पुन्हा लिहिले, त्यांनी तेच वाक्य पुन्हा पाठवले. तिसऱ्या वेळी त्यात माझे नाव चुकले होते. पॉवर बँकेच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याच्या वस्तूसाठी मी दोन आठवडे घालवले, आणि त्या रागाच्या भरात विक्रेत्याच्या पानावर एक तारा देऊन बऱ्यापैकी लांब अभिप्राय लिहिला. त्यातील वाक्ये मला आजही चांगली वाटतात, पण त्यातला मुख्य आरोप खोटा होता.

कारण पुढच्याच आठवड्यात दुसरी वायरही तसेच करू लागली. मी नवा अभिप्राय मनात रचत असताना मुलगा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “आई, पोर्टमध्ये बघितलंस का?” मी बघितले नव्हते. फोन बंद करून टेबलावरच्या दिव्याखाली धरला, तर पोर्टच्या तळाशी करडा थर दिसला. खिशातले आणि पर्समधले तंतू रोज पिन खुपसताना आत दाबले जाऊन त्यांचा नमद्यासारखा घट्ट तुकडा झाला होता. लाकडी टूथपिकचे टोक आणखी बारीक करून, मधल्या जिभेला धक्का न लावता मी तो कडेकडेने सैल केला. धातूची सुई किंवा टाचणी आत घालणे म्हणजे इवल्या पिना एकमेकींना टेकवण्याचा धोका. निघालेला गोळा तांदळाच्या दाण्याएवढा होता. पिन आत गेली, ‘टक्’ असा आवाज आला आणि पिन व फोन यांच्यात महिनाभर दिसणारी केसभर फट नाहीशी झाली. ती फट मी रोज पाहत होते, पण माझे सारे लक्ष मीटरच्या पडद्यावर होते. दुसरी वायर आधी चालली याचे कारणही आता उलगडले: तिची पिन किंचित लांब होती आणि त्या थरातूनही टेकत होती, थर वाढल्यावर तीही टेकेनाशी झाली.

अभिप्राय मी बदलला. एकाचे तीन तारे केले. पाच केले नाहीत, कारण वायर न पाहता ‘भौतिक हानी’ म्हणणारे उत्तर वायर निर्दोष ठरली म्हणून बरोबर ठरत नाही. पोर्ट पाहिले का, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला असता, तर माझे दोन आठवडे आणि त्यांचे दोन तारे वाचले असते.

वायरीच्या नादात मी आणखी एक खर्च केला, तोही सांगायला हवा. व्हिडिओ संगणकावर घेताना फार वेळ लागतो म्हणून १० गिगाबिट वेगाची महागडी वायर आणली. वेग तसूभरही वाढला नाही. माझ्या फोनचे पोर्टच यूएसबी २.० चे आहे, म्हणजे कागदावर ४८० मेगाबिट आणि प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास. ४० जीबीला सुमारे वीस मिनिटे लागणारच. टाइप-सी हे फक्त तोंडाचा आकार सांगते, आतली वाट किती रुंद आहे ते सांगत नाही, आणि यात स्वस्त-महाग असा भेदही फारसा नाही: २०२३ च्या आयफोन १५ लाही टाइप-सी आले, पण साध्या मॉडेलला वेग यूएसबी २ चाच राहिला. हबवरचे एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला जोडायचे तोंड, याच कारणाने माझ्यासाठी शोभेचे ठरले, कारण त्यातून चित्र बाहेर पडायला फोनच्या पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. फोनची माहिती आधी वाचली असती तर एचडीएमआय नसलेला, निम्म्या किमतीचा हब चालला असता.

तरीही हबने आपले पैसे एका संध्याकाळी फेडले. मुलाचा फोन जिन्यावरून पडला, पडदा दिसत होता पण स्पर्श पूर्ण गेला होता, आणि दुरुस्तीवाले फोटो वाचतील याची हमी देत नव्हते. हब लावून त्यात संगणकाचा साधा माउस खुपसला, तर पडद्यावर बाण उमटला. त्या बाणाने पिन क्रमांक टाकून फोन उघडला, शेजारच्या भोकात पेन ड्राइव्ह लावला आणि सारे फोटो त्यावर उतरवले. एक मोठा व्हिडिओ मात्र जाईना, कारण पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. तो व्हिडिओ दोन तुकडे करून नेला.

वायरलेस पॅडबद्दल माझे मत दोनदा बदलले. मीटर लावून पाहिले तेव्हा बॅटरी निम्मी भरायला वायरीने ११ वॉट-तास लागले आणि पॅडने १६. उरलेली वीज फोनच्या पाठीवर हात ठेवला की जाणवत होती. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, म्हणून पॅड कपाटात गेला. पोर्ट रुसले त्या काळात तोच बाहेर काढावा लागला आणि तीन आठवडे त्याच्यावरच फोन चालला, तेव्हापासून तो टेबलावर आहे. टेम्पर्ड ग्लासवर छापलेले ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचे माप आहे, खनिजांचे नव्हे; खिशातल्या वाळूचा कण काचेहून कठीण असतो आणि माझ्या दुसऱ्या ग्लासवर त्याची खूण आहे. ट्रायपॉडविषयी तक्रार नाही. त्याचा स्क्रू नेहमीच्या पाव इंची मापाचा असल्यामुळे जुन्या कॅमेऱ्याचा स्टँडही कामी आला, आणि सोबतचा रिमोट फक्त आवाज वाढवण्याचे बटण दाबल्याचा निरोप फोनला देतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये चालतो. कीबोर्डवर हा मजकूर लिहिते आहे, एवढे पुरे.

काल पॉवर बँक पुन्हा मोजली. २९.४ चे २८.६ झाले आहेत, नऊ महिन्यांत एवढी घट मला चालते. सगळ्या वायरींच्या मानेला आता चिकटपट्टीच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत: ‘चार्जिंग, १ मी.’, ‘वेगवान, निरुपयोगी’, ‘लांब, कोणाला देऊ नये’. कापडी विणीच्या वायरीवर मुलाने माझ्या नकळत चिठ्ठी लावली. तिच्यावर ‘निर्दोष’ असे लिहिले आहे.