घसाऱ्याच्या वाटांसाठी हेल्मेट: पेट्झल बोरिओची पारख

सह्याद्रीतील सुळक्यांवर आणि नाळांमध्ये, म्हणजे कड्यांमधल्या तीव्र उताराच्या अरुंद घळींमध्ये, वापरायचे हेल्मेट निवडताना वजनाआधी वरून येणाऱ्या दगडाचा विचार व्हायला हवा, आणि त्या कसोटीवर पेट्झल या फ्रेंच कंपनीचे बोरिओ हे हेल्मेट मला आजवर वापरलेल्यांपैकी सर्वांत योग्य वाटले आहे. लिंगाणा या सुळक्याचे आरोहण, बोराट्याच्या नाळेची उतराई आणि इतर काही ठिसूळ वाटांवर ते माझ्या डोक्यावर राहिले आहे. त्याच्या जमेच्या बाजू सांगतानाच त्याची ताकद नेमकी कुठे संपते हेही येथे आकड्यांनिशी मांडतो, कारण ते ठाऊक नसेल तर उत्तम हेल्मेटही फसवा धीर देते.

आपला कातळ बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थरांवर थर साचून तो तयार झाला. प्रत्येक थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो, पण माथ्याकडचा भाग वायूच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र आणि लवकर झिजणारा असतो, तर काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातकट खडकाचा मऊ पट्टा येतो. मऊ भाग आधी झिजल्याने कड्याला टप्प्याटप्प्यांचा आकार येतो आणि प्रत्येक टप्प्यावर मुरूम, माती व सुटे दगड साठून राहतात. पावसाळ्यात पाणी भेगांत शिरून हे सारे सैल होते, दिवाळीच्या सुमारास ओलसर माती आणि गवताची मुळे त्याला कशीबशी धरून ठेवतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून माती भुसभुशीत झाली की दोराचे घासणे, बुटाचा हलका धक्का किंवा वरून धावत गेलेले माकडही दगड सुटायला पुरेसे होते. गिर्यारोहणाचा ऐन हंगाम आणि कातळ सैल होण्याचा काळ असे एकमेकांत मिसळलेले आहेत.

मोहरी गावाहून रायलिंगाच्या पठाराकडे येऊन बोराट्याच्या नाळेने लिंगाण्याच्या खिंडीकडे उतरताना या धोक्याचे स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते. नाळेत सुटलेला दगड सरळ रेषेत येत नाही. तो मोठ्या धोंड्यांवर टप्पे घेतो, बाजूच्या भिंतीवर आपटतो, फुटतो आणि त्याचे तुकडे कानशिलाच्या किंवा मानेच्या बाजूने येतात. गिर्यारोहणाच्या हेल्मेटांसाठी असलेल्या ईएन 12492 या युरोपीय मानकात 5 किलोचा ठोकळा 2 मीटर उंचीवरून माथ्यावर सोडला जातो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारे बल 10 किलोन्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये, अशी अट आहे. समोरून, मागून आणि बाजूने मात्र तेवढ्याच वजनाचा ठोकळा केवळ अर्ध्या मीटरवरून सोडतात, म्हणजे बाजूची परीक्षा माथ्याच्या एक चतुर्थांश ऊर्जेची असते. ही उणीव ओळखून पेट्झलने मानकापलीकडे जाऊन बाजूच्या आघातांसाठी स्वतःची चाचणीपद्धत ठरवली आहे आणि बोरिओ त्या चाचणीतून गेलेले आहे. हेल्मेट कानशिलांवर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला बरेच खाली उतरते, हे हातात घेताच लक्षात येते. नाळेत उतरणाऱ्यासाठी मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

बाहेरचे कवच जाड एबीएस प्लॅस्टिकचे असून आत ईपीएस आणि ईपीपी असे दोन प्रकारचे फोम आहेत. वजन लहान मापात 285 ग्रॅम आणि मोठ्या मापात 295 ग्रॅम आहे. त्याच कंपनीचे सिरोक्को हे फोमचे हेल्मेट जवळजवळ निम्म्या वजनाचे आहे आणि दिवसभर डोक्यावर असल्याचे जाणवतही नाही, हे खरे. परंतु आपल्याकडे हेल्मेट एसटीच्या टपावरून, जीपच्या मागच्या बाकाखालून आणि करवंदीच्या जाळीतून प्रवास करते, दोरांच्या गुंडाळ्यांखाली दाबले जाते आणि चिमणीसारख्या अरुंद घळीत कातळाला घासत राहते. जाड कवचाला त्याचे काही वाटत नाही. माझ्या हेल्मेटवर उजव्या कानाच्या वर एक पांढरट ओरखडा आहे. खिंडीच्या वरच्या टप्प्यावर बिले देत, म्हणजे चढणाऱ्याचा सुरक्षा-दोर सांभाळत, उभा असताना दोराच्या हेलकाव्याने सुटलेला लिंबाएवढा दगड तिथे तिरका लागून खाली गेला. आवाज मोठा झाला, मान किंचित हलली आणि हातातला दोर जागच्या जागी राहिला. दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असताना ही शेवटची गोष्ट किती महत्त्वाची असते, हे बिले दिलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

काही आयोजक बांधकामावरच्या टोप्या किंवा सहभागी व्यक्तींची स्वतःची मोटारसायकलची हेल्मेटे चालवून घेतात, त्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. औद्योगिक टोपीच्या ईएन 397 या मानकात हनुवटीचा पट्टा असल्यास तो 150 ते 250 न्यूटन बलाला सुटावा अशी अपेक्षा असते, जेणेकरून टोपी कुठे अडकली तर कामगाराचा गळा आवळला जाऊ नये. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा याउलट 500 न्यूटन बल लागले तरी टिकलाच पाहिजे, कारण घसरून आपटत गेलेल्या माणसाचे हेल्मेट पहिल्याच धक्क्यात निघून गेले तर पुढच्या धक्क्याला डोके उघडे पडते. मोटारसायकलच्या हेल्मेटने कान झाकले जातात आणि वरून आलेली ‘दगड!’ ही आरोळी ऐकूच येत नाही. शिवाय त्यात वर पाहायला मान पुरेशी वळत नाही. बोरिओची किंमत औद्योगिक टोपीच्या कितीतरी पट आहे, पण ही तुलना मुळातच एका जातीच्या वस्तूंमधली नाही.

आता मर्यादेकडे. माथ्यावरच्या चाचणीत आघाताची ऊर्जा सुमारे 98 जूल असते. अर्धा किलो वजनाचा दगड 20 मीटरवरून सुटला तर तो ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेगाने येतो आणि त्याची ऊर्जाही तेवढीच, 98 जूल, भरते. अर्ध्या किलोचा दगड म्हणजे तळहातावर सहज मावणारा बेसाल्टचा तुकडा, आणि 20 मीटर म्हणजे 50 मीटरच्या दोराची निम्मी लांबीही नाही. लिंगाण्याच्या कड्यावर किंवा नाळेच्या माथ्यावर याहून मोठे दगड याहून अधिक उंचीवर शेकड्यांनी पडलेले आहेत. त्यातला एखादा नेमका माथ्यावर आला तर हे हेल्मेट, किंवा बाजारातले कोणतेही हेल्मेट, पुरे पडेल असे मानण्याला आधार नाही. खांदे, पाठ आणि मान तर उघडीच असतात.

म्हणून या हेल्मेटची शिफारस करताना मी ती नेहमी चालण्याच्या आणि उभे राहण्याच्या शिस्तीसह करतो. नाळेत एका रेषेत लांबच लांब रांग लावू नये. चार-पाच जणांची तुकडी उतरून भिंतीच्या आडोशाला जाईपर्यंत वरच्या तुकडीने जागचे हलू नये. बिले देणारा चढणाऱ्याच्या बरोबर खाली नसावा, कारण स्वतःला मेखेला जखडून घेतलेल्या माणसाला बाजूला उडी मारता येत नाही. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणे, संपल्यावर दोर खेचताना सर्वांनी पडरेषेतून, म्हणजे दगड खाली येण्याच्या वाटेतून, दूर व्हावे, कारण दोराचे मोकळे टोक वरून येताना टप्प्यावरचा मुरूम आणि दगड सोबत घेऊनच येते. आरोळी ऐकू येताच कड्याला चिकटलेल्या माणसाने वर न पाहता हनुवटी छातीशी घ्यावी, खांदे आखडावेत आणि कातळाला बिलगावे. मोकळ्या नाळेत, हलायला जागा असताना, मात्र दगडाची दिशा पाहूनच बाजूला व्हावे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी नाळेत एकाच वेळी अनेक गट असतात. अशा दिवशी आपल्या वर अनोळखी गट असेल तर थांबून त्याला पुढे जाऊ द्यावे, कितीही उशीर झाला तरी.

वापराच्या बारीकसारीक गोष्टींत बोरिओ समाधान देते. मागच्या चाकाने डोक्याचा पट्टा एका हाताने घट्ट होतो, तो पट्टा आत दुमडत असल्याने पिशवीत जागा कमी लागते, आणि पहाटे अंधारात निघताना हेडलॅम्प समोरच्या दोन हुकांत व मागच्या लवचीक पट्ट्यात पक्का बसतो. झरोके असूनही कोकणाच्या बाजूच्या दुपारच्या उन्हात घाम भरपूर येतो. म्हणून आत जाड पंचा गुंडाळण्याचा मोह होतो, पण त्याने हेल्मेटची बैठक बिघडते. ते मागे कलंडवून कपाळ उघडे ठेवण्याची सवयही छायाचित्रांत सर्रास दिसते; पुढची कड भुवयांच्या थोडी वर, आडवी असायला हवी. गटाचे नाव रंगवण्याची किंवा मिळेल ते स्टिकर चिकटवण्याची आपल्याकडे हौस आहे, ती येथे टाळावी, कारण रंगातील व गोंदातील काही द्रावके प्लॅस्टिकला कमकुवत करतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते ठेवू नये.

कंपनीने प्लॅस्टिकच्या वस्तूंचे कमाल आयुष्य निर्मितीपासून 10 वर्षे सांगितले आहे, पण जोराचा आघात झाला तर पहिल्या महिन्यातही हेल्मेट बाद करावे लागते: ईपीएस फोम एकदाच चिरडतो, पूर्ववत होत नाही, आणि वरचे कवच शाबूत दिसले तरी आतली इजा डोळ्यांना दिसेलच असे नाही. याच कारणाने वापरलेले हेल्मेट स्वस्तात मिळत असले तरी घेऊ नये. नवेच घ्यावे, दोन्ही मापे डोक्यावर बसवून पाहावीत, आणि हनुवटीचा पट्टा न लावता मान जोरात हलवल्यावरही जे जागचे हलत नाही ते माप निवडावे.