हँडल फिरवून चालणारा रेडिओ: तीन चक्रीवादळांनंतर

वादळाचा इशारा आल्यावर रेडिओ घ्यायला धावू नका. तेव्हा दुकानात साधे सेलसुद्धा शिल्लक नसतात. मी हा रेडिओ घेतला त्याला चार वर्षं झाली. मधल्या काळात तीन चक्रीवादळं याच्या सोबतीनं काढली, म्हणून आता त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिते आहे. आमची वस्ती समुद्राला खेटून आहे आणि वादळाआधीची तयारी करणाऱ्या गटात मी काम करते. त्यामुळे रेडिओ माझ्या एकटीचा उरलेला नाही, गल्लीतली बारा घरं त्याच्या भरवशावर असतात.

वस्तू विटेपेक्षा लहान, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. बाजूला घडी होणारं हँडल, माथ्यावर सोलरची पट्टी, पुढे टॉर्च. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही लागतात. आत 2000 एमएएचची लिथियम बॅटरी आहे, शिवाय तीन बारीक पेन्सिल सेल बसतील असा कप्पा. हा कप्पा पाहूनच मी हा रेडिओ निवडला आणि आजही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

हँडलबद्दल आधी सांगते, कारण लोक त्याच्याकडे बघूनच घेतात. हाताच्या ताकदीवर चालणारा रेडिओ ही कल्पना फार चांगल्या कामासाठी जन्मली. आफ्रिकेत एड्सची माहिती वीज नसलेल्या गावांत पोहोचत नाही, हे टीव्हीवर पाहून ट्रेव्हर बेलिस या ब्रिटिश माणसानं 1991 मध्ये किल्ली देऊन चालणारा रेडिओ तयार केला. त्यात स्प्रिंग होती. आताच्या रेडिओत छोटा डायनामो असतो आणि तो बॅटरी भरतो. माझ्या हातात एक मिनिट जोरात फिरवलं की हळू आवाजात सात-आठ मिनिटं बातम्या ऐकता येतात. एवढं पुरतं. पण खोक्यावर मोबाइल चार्ज करण्याचं जे चित्र आहे त्यावर जाऊ नका. भरलेली बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी आजकालचा फोन अर्धासुद्धा भरत नाही. हँडल फिरवून फोन भरायचा तर हात भरून येतो आणि काटा जेमतेम हलतो. आमच्याकडे एका पोरानं तासभर तेच केलं आणि हँडलचा सांधा ढिला झाला. तेव्हापासून नियम केला: हँडल फक्त रेडिओ आणि टॉर्चसाठी. सोलरची पट्टी बिस्किटाएवढी, ढगाळ आभाळात तिचा काही उपयोग नाही, आणि वादळात आभाळ ढगाळच असणार.

पहिल्या वादळात मी हरले होते. रेडिओ वर्षभर कपाटात पडून होता, बॅटरी पार उतरलेली. वीज गेल्यावर काढला तर आवाजच नाही. सेल होते, पण ते आतच ठेवलेले, त्यांना पाझर फुटून पत्र्यावर हिरवट पांढरी पूड जमली होती. त्या अंधारात शेजारच्या आक्कांनी साडीच्या पदरानं ते पत्रे घासले, नवे सेल घातले, तेव्हा कुठे बातम्या लागल्या. आता दर तीन महिन्यांनी बॅटरी भरते आणि सेल वेगळ्या पिशवीत, रेडिओला रबरानं बांधून ठेवते.

वादळाला हरिकेन म्हणा, टायफून म्हणा की चक्रीवादळ, मोबाइलवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. 2017 मध्ये मारिया हरिकेन कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर आदळलं, त्यानंतर तिथले सुमारे 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. मीडियम वेव्हचं केंद्र लांब असलं तरी ऐकू येतं, रात्री तर जास्तच लांबून. एक युक्ती सांगते, ती माहितीपुस्तिकेत नव्हती. वरची लांब काडी फक्त एफएमसाठी असते. मीडियम वेव्हचा अँटेना पेटीच्या आत आडवा असतो, म्हणून खरखर आली की काडी ओढू नका, अख्खा रेडिओच हळूहळू फिरवा. भिंतीपासून थोडा दूर, पाव वळसा, अर्धा वळसा, आणि एका जागी निवेदकाचा आवाज एकदम स्वच्छ येतो. त्या जागी खडूची खूण करून ठेवायची.

दुसऱ्या वादळात याच आवाजानं आम्हाला थांबवलं. संध्याकाळी टॉवर बंद पडायच्या आधी सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरला, वादळ वळलं म्हणून. शाळेत आणून बसवलेली माणसं गाठोडी उचलून घरी निघाली. नाना तर दारापर्यंत गेलेले. नऊच्या बातम्यांत सांगितलं की वादळाच्या केंद्राचा मार्ग थोडा सरकला आहे, पण समुद्राचं पाणी दोन ते तीन मीटर चढेल हा इशारा कायम आहे आणि वादळ भरतीच्या सुमारास किनाऱ्यावर येईल. मी म्हटलं, "नाना, वाट सरकलीय, पण पाण्याचा इशारा तसाच आहे. आज इथंच राहा." उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेनं पुढे जातं तिच्या उजव्या अंगाला वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. वादळ डावीकडे सरकलं होतं आणि आम्ही बरोबर त्या उजव्या अंगाला आलो होतो. पहाटे आक्कांच्या घरात खिडकीच्या चौकटीपर्यंत पाणी होतं. नानांचं घर त्याहून खोलात आहे.

त्या रात्रीपासून आम्ही शाळेच्या फळ्यावर प्रत्येक बातमी लिहितो. वेळ, वाऱ्याचा वेग, पाणी किती चढणार, भरती कधी, पुढच्या बातम्या कधी. एक जण ऐकतो, एक जण लिहितो, मग रेडिओ बंद. दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. अशानं तिसऱ्या वादळात तीन सेलचा एकच संच दोन दिवस पुरला. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जाताना वारा पडला तेव्हाही फळ्यावर मोठ्या अक्षरांत "बाहेर जाऊ नका, वारा उलट दिशेनं पुन्हा येणार" असं लिहिलं होतं. कोणी गेलं नाही.

तक्रारी अजून दोन. बाहेर पाणी लागलं तरी चालेल असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पण याला शिंतोडे सोसतात, बुडालेलं सोसत नाही. मी तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते, बटणं पिशवीवरूनच दाबता येतात. आणि केंद्र शोधायची चकती फार हलकी आहे, धक्का लागला की केंद्र सुटतं. मी आपल्या केंद्राच्या आकड्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आहे.

नवा घेणार असाल तर सेलचा कप्पा आहे की नाही ते पहिल्यांदा बघा, मग मीडियम वेव्ह, मग हँडलचा सांधा धातूचा आहे का ते. माझ्या रेडिओचा सांधा प्लॅस्टिकचा होता, ओळखीच्या कारागिराकडून पितळी पिन बसवून घेतली. गटासाठी अजून दोन रेडिओ घेतले, ते दोन्ही याच जातीचे. एक शाळेत, एक वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. परवाच तिन्हींची बॅटरी भरली.