स्थानिक स्तर समितीकडून भावाचे पालकत्व घेताना

बौद्धिक अक्षमता असलेल्या माझ्या धाकट्या भावाचे कायदेशीर पालकत्व मी न्यायालयात न जाता आमच्या जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून घेतले. ही सोय आहे हेच अनेक कुटुंबांना ठाऊक नसते, म्हणून तिचे गुणदोष सविस्तर लिहीत आहे.

मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, मग त्या मुलाला स्वतःचे व्यवहार कळोत अथवा न कळोत. घरात त्यामुळे काहीच बदलत नाही, आणि म्हणूनच हा विषय वर्षानुवर्षे मागे पडतो. वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन, भावाच्या नावचे बँक खाते आणि वडिलोपार्जित जमिनीतील त्याचा हिस्सा हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले, तेव्हा सख्खी बहीण असणे कोठेच पुरेना. आई थकली असल्याने तिच्या आणि थोरल्या भावाच्या संमतीने मी अर्ज केला.

राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी पालक नेमण्याचा अधिकार या समितीला दिला आहे. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे स्वरूप असते. मनोविकार किंवा कोमा या कायद्यात बसत नाहीत. मनोरुग्णांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणाऱ्या व्यक्तीची, वेगळी तरतूद आहे, तर कोमातील रुग्णाच्या नातेवाइकांना उच्च न्यायालयातच जावे लागते; मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच एका याचिकेवर पत्नीची पालक म्हणून नेमणूक केली होती. आपले प्रकरण नेमके कोठे बसते, हे अर्जाआधी पाहून घ्यावे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सुनावणी. समितीने आधी माझ्याशी नव्हे, तर माझ्या भावाशी बोलायला सुरुवात केली. तू कोणाकडे राहतोस, बरे नसले की कोणाला सांगतोस, ताईकडे राहायला आवडते का, असे साधे प्रश्न त्याला कळेल अशा शब्दांत आणि उत्तराची घाई न करता विचारले गेले. तो दिव्यांगांना काम देणाऱ्या संरक्षित कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो आणि त्याचे थोडे मानधन मिळते. ते पैसे स्वतःकडेच राहतील, असे त्याने ठामपणे सांगितले. कायद्यानुसार समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या कामांसाठी. हा दुसरा प्रश्न आमच्या बाबतीत खरोखर विचारला गेला. निवृत्तिवेतन, बँक, वैद्यकीय निर्णय आणि जमीन यांपुरते पालकत्व माझ्याकडे आले आणि मानधन त्याच्या हातात राहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पनाही हीच आहे, की निर्णय त्या व्यक्तीशी बोलून, परस्परविश्वासाने घ्यावेत. सगळे अधिकार सरसकट मागण्याचा सल्ला आम्हाला काहींनी दिला होता; तो न ऐकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकील लागला नाही, ही आमच्यासारख्या कुटुंबाला मोठी सवलत आहे. मात्र विलंबाबाबत मी समाधानी नाही. समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा बसावे असे कायदा सांगतो, पण आमच्याकडे बैठक वारंवार पुढे ढकलली गेली आणि त्याचे कारणही अर्जदारांना कळवले गेले नाही. सुनावणी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे तर दिव्यांगांसाठीच्याच कामात अक्षम्य आहे. चाकाच्या खुर्चीवरील एका तरुणीला तिच्या वडिलांनी आणि काकांनी उचलून वर नेले. मुलीसाठी अर्ज करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिचे पालकत्व एकट्या पुरुषाला दिले जात नाही.

समितीने पालकत्वाचे प्रमाणपत्र दिल्यानंतरची जबाबदारी फारसे कोणी समजावून सांगत नाही. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्चाचा हिशेब पालकाने सादर करायचा असतो. आमच्या कार्यालयाने तो कधी मागितला नाही. मी स्वतःहून देते आणि पोच घेते. पालक दुर्लक्ष करत असेल किंवा पैशांचा अपहार करत असेल, तर नातेवाइकांना अथवा नोंदणीकृत संस्थेला त्याला दूर करण्याचा अर्ज समितीकडे करता येतो. परंतु हिशेबच कोणी पाहिला नाही, तर अपहार कळणार कसा? समितीने एवढे एक काम नेटाने केले, तरी कित्येक घरांतील दुबळ्या माणसाचा वाटा सुरक्षित राहील.

बँकेत एक अडचण येऊ शकते. आमच्या शाखेने प्रमाणपत्र पाहूनही न्यायालयाचा आदेश मागितला. अशा समित्यांनी दिलेली पालकत्व प्रमाणपत्रे ग्राह्य धरावीत, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सर्व बँकांना कळवले आहे. त्या परिपत्रकाची छापील प्रत समोर ठेवल्यावर शाखेने आक्षेप मागे घेतला आणि भावाचे खाते माझ्या सहीने चालू झाले. प्रमाणपत्र घेऊन बँकेत जाताना ही प्रत सोबत असू द्यावी.