बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली: हाताच्या इसबावर कशी वाटली

सांगलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक, मग भाज्या, मग लसणाचा ढीग, मधूनमधून भांड्यांचं लिक्विड, आणि पाण्यात तर दिवसभर हात. या धंद्यात हात धड असलेली बाई मला अजून भेटायची आहे. माझं बोटांच्या बेचक्यात सुरू झालं. आधी खाज, मग लाली, मग बारीक पाणीदार फोड, आणि ते सुकले की कातडी जाड होऊन भेगा. भेगेत लिंबाचा रस गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

मेडिकलवाल्याला हात दाखवला की तो एक ट्यूब पुढे सरकवतो. गजकर्ण आहे की इसब, बघायची गरजच नाही, कारण तिच्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. गुण पटकन येतो, खोटं कशाला बोलू. पण मनाने लावत राहिलं तर कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरत जातं. 2018 मध्ये अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आमच्या गल्लीत हे कुणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही. मी ट्यूब तिथेच ठेवली आणि त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी दोन गोष्टी दिल्या. थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडचं मलम, आणि कायमची म्हणून ही जेली. मलमाचं माप त्यांनी माझ्याच बोटावर दाखवलं: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबची एक लांब रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन तळव्यांएवढी कातडी झाकली जाते. आणि हेही स्पष्ट सांगितलं की सूज आणि लाली मलम उतरवणार, जेली नाही. जेली फक्त कातडीतलं पाणी उडू देत नाही.

एवढंच काम, पण ते ती चोख करते. रात्री ओटा आवरला की मी कोमट पाण्याने हात धुते, घासून न पुसता टिपून घेते आणि ओलसर असतानाच वाटाण्याएवढी जेली बेचक्यांत, नखांच्या कडांना, भेगांवर जिरवते. मलम चालू असेल तेव्हा आधी ते, मग अर्धा तास टीव्ही, मग जेली. वरून सुती हातमोजे. सगळ्यात आधी गेली ती रात्रीची खाज. झोपेत खाजवून सकाळी बोटं रक्ताळलेली असायची, ते बंद झालं. भेगा मिटायला वेळ लागला. लाली कामाच्या गर्दीत अजूनही डोकं वर काढते.

सासूबाईंचं पहिल्यापासून म्हणणं, खोबरेल लाव. खोबरेल वाईट नाही, पण आमच्याकडे ते पहिल्या पातेल्याबरोबरच धुऊन जातं. महागड्या क्रीमचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये इसब असलेल्या साडेपाचशे मुलांवर कातडी मऊ ठेवणाऱ्या, बिनस्टिरॉइडच्या लोशन, क्रीम, जेल आणि मलम अशा चौघांची तुलना झाली. 2022 मध्ये निकाल आला, कुणीच दुसऱ्यापेक्षा सरस ठरलं नाही. मुलांचा इसब आणि आमचे घासून झिजलेले हात एक नव्हेत, तरी चारपट पैसे मोजण्याआधी हे माहीत असावं.

आता तक्रारी. चिकटपणा इतका की मोबाइलच्या काचेवर बोट उमटतं आणि उशीच्या अभ्र्यावर डाग पडतो. एप्रिल-मेमध्ये डब्यातच ती पातळ होते, आणि मनगटाच्या वर लावली की माझ्या केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. कामाच्या वेळी तर अजिबात उपयोगाची नाही: बोटांना लावून पोळी लाटता येत नाही, आणि रबरी हातमोज्यांचं लॅटेक्स तिने खराब होतं. दिवसा मी साधं क्रीम लावते आणि नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे, मोजे घालते.

आणखी एक, हे हसण्यावारी नेऊ नका. जेलीने माखलेलं कापड आगीजवळ गेलं की वातीसारखं पेट घेतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2018 मध्ये अशा सगळ्या मलमांबद्दल इशारा दिला होता. रात्रीचे सुती मोजे घालून दूध तापवायला गॅसपाशी जायचं नाही, देवापुढे निरांजन लावायचं नाही. मोजे धुतले तरी तेलकटपणा पूर्ण जात नाही.

घेताना डब्यावर ‘व्हाइट पेट्रोलियम जेली आयपी’ लिहिलेलं बघा; आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचा सरकारी ग्रंथ. सुगंधाची, कोरफडीची, गुलाबी रंगाची नको. इसबाच्या कातडीला सुगंध हमखास सोसतोच असं नाही. ही काही नवी गोष्टही नव्हे. अमेरिकेतल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांना चिकटणारा मेणचट थर कामगार जखमांना लावायचे, तो साफ करून रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलं. माझ्याकडून पाचात चार. एक चिकटपणाचा कापला.

पू, पिवळी खपली किंवा ताप असेल तर जेलीच्या भरवशावर बसू नका, दवाखाना गाठा. आणि एवढं करूनही एकाच हाताची तीनच बोटं धुमसत राहिली तर कारण शोधा. माझं डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट काही केल्या बरं होईना. डॉक्टरीणबाईंनी कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली, 48 तासांनी त्या काढल्या. निघाला लसूण. सोलताना-चिरताना पाकळी धरतो ती हीच तीन बोटं. लसणातलं डायअलाइल डायसल्फाइड हे रसायन बहुतेक हातमोज्यांतूनही पार जातं, म्हणजे मोजे घालून सोलण्याची पळवाटही बंद. लसूण आता आमच्याकडच्या मावशी सोलतात, त्यांना त्याचं काही होत नाही. जेलीचा डबा तेव्हापासून निम्म्या वेगाने संपतो.