फायबर बोट, सात महिने वापरून : बाकी सगळं ठीक, पण टाकी भरायला २२ मिनिटं?

 बोट सोळा फुटी, फ्लोअरखाली फिक्स केलेली पेट्रोलची ४० लिटरची प्लास्टिक टाकी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं फोर स्ट्रोक इंजिन. दिवाळीनंतर घेतली, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चांगदेवच्या बाजूला चालवतो, जाळ्यात कटला नाहीतर चिलापी. बोट म्हणून तक्रार नाही, हलकी आहे, दोन माणसं आणि भरलेलं जाळं घेऊन आरामात येते. लिहायला बसलोय ते फक्त टाकीसाठी, कारण त्या टाकीने माझं डोकं आणि पैसे दोन्ही खाल्ले.

कॅनमधे पेट्रोल द्यायला आमच्याकडचे पंपवाले नाही म्हणतात, म्हणून बोट ट्रॉलीवर टाकून ट्रॅक्टरने पंपावर न्यायची. पहिल्याच दिवशी नोझल घातलं, दाबलं, टक. बंद. परत दाबलं, टक. पंपावरच्या पोराने नोझल तिरपं धरलं, अर्धं बाहेर काढलं, उलटं फिरवलं, शेवटी थेंब थेंब सोडत बसला, ३० लिटरला २२ मिनिटं लागली (मोबाइलमधे बघितलंय). मागे मोटरसायकलींची रांग, एक जण म्हणाला, भाऊ चमच्याने भरताय का? वरून गुडगुड होऊन पेट्रोल उलटं आलं ते शर्टावर.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे पंपाचं प्रेशर जास्त आहे, दुसरीकडे भरा. मी येडा, भुसावळ, वरणगाव, मुक्ताईनगर तिन्हीकडे जाऊन आलो, ट्रॅक्टरचं डिझेल जाळून. सगळीकडे टक. नंतर पंपावरच्या एका जुन्या माणसाने दाखवलं, नोझलच्या तोंडाशी बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते, पेट्रोल तिथपर्यंत चढून भोक झाकलं की नोझल आपोआप बंद होतं. म्हणजे पंप बरोबर होता, माझ्याच नळीत पेट्रोल तुंबून वर येत होतं. पण का तुंबतंय ते काही त्याला सांगता आलं नाही, आणि मीही सवय करून घेतली, सकाळी लवकर जायचं, गर्दी नसताना.

एप्रिलमधे नवीनच सुरू झालं. पाऊणएक तास चाललं की इंजिन खोकायचं आणि धरणाच्या मधोमध बंद. थोडं थांबलं की परत चालू. सगळे म्हणाले वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते पाणी धरतं. मलाही पटलं, कार्बोरेटर खोलून साफ करून घेतला, ७०० रुपये. दोन दिवसांनी परत तेच.

शेवटी बोअरच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला बोटीतच बसवून पाण्यात नेलं. इंजिन बंद पडलं, त्याने इंजिनला हातसुद्धा लावला नाही, टाकीचं झाकण उघडलं. फुस्स्स करून हवा आत गेली. म्हणाला, "तुह्या टाकीले श्वास घ्यायले जागाच नाही रे भो."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पेट्रोल आत जातं तेव्हा आतली हवा बाहेर पडली पाहिजे, आणि इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा तेवढीच हवा आत आली पाहिजे, दोन्हीचा रस्ता एकच, व्हेंटचा पाइप. फ्लोअरची प्लेट खोलून बघितलं तर व्हेंटला काय लावलंय? ड्रिपची लॅटरल! १६ एमएम, केळीच्या बागेत ठिबकच्या पाण्यासाठी टाकतो तीच नळी. अहो, जळगाव जिल्ह्यात बोट विकताय आणि वाटतं लॅटरल ओळखायची नाही आम्हाला? ती पेट्रोलच्या वाफेने आणि पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाने मऊ पडून लोंबलेली, आणि लोंबलेल्या पोटात कपभर पेट्रोल साचलेलं. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी राहतं ना, तसं. हवा जाणार कुठून? विकणारा म्हणे सगळ्या बोटींना हेच लावतो, कुणाची कम्प्लेंट नाही. तीस रुपयांची नळी लावून इतक्या महागाची बोट विकायची आणि वर हे ऐकून घ्यायचं.

अडीच मीटर खरा फ्युएल पाइप आणला, ५२० रुपये क्लिपांसकट, टाकीपासून वर सतत चढता घेतला, कुठे पोट नाही. पंपावर गेलो. टक.

खरं सांगतो, त्या दिवशी बोट विकायचं ठरवलं होतं. पंक्चरवाला म्हणाला कॉम्प्रेसरने हवा मारू, मिस्त्रीने अडवलं, पाइप टाकीला जोडलेला असताना प्रेशर मारलं तर प्लास्टिकची टाकी फुगेल नाहीतर फुटेल. मग बोट दारात तशीच पडून. आणि माझी मुलगी म्हणते, पप्पा ही माशी सारखी त्या भोकातच जाते.

कुंभारीण! बोटीच्या बाहेरच्या अंगाला व्हेंटचं जे तोंड असतं त्यात तिने मातीचं घर बांधलेलं, बाहेरून दिसत नव्हतं कारण तोंड खाली वाकलेलं. पाइप आतून काढला आणि सायकलच्या तारेने उकरलं, वाळलेली माती भुगा होऊन पडली आणि त्यातून सहा-सात कोळी, मेलेले नाही, लुळे पडलेले, पिल्लांसाठी साठवलेले. इंजिन एप्रिलपासूनच का बंद पडत होतं तेही कळलं. म्हणजे सगळा दोष लॅटरलला देत होतो तो अर्धाच खरा, पहिल्या दिवसापासूनचा टक टक लॅटरलमुळे आणि उन्हाळ्यातलं इंजिन माशीमुळे. पण तोंडाला जाळी का नव्हती, हा प्रश्न परत विकणाऱ्याकडेच जातो.

आता ३२ लिटर दोन मिनिटांत गेलं, शेवटचे तीन-चार लिटर हळू सोडावे लागतात तेवढंच. घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी फ्लोअरची प्लेट खोलायला लावा आणि व्हेंटचा पाइप हाताने चाचपून बघा, रंग-बिंग नंतर बघा.

जाळी मी घरच्या चहाच्या गाळणीची कापून लावली, दर महिन्याला ब्रशने साफ करतो. बायकोला नवी गाळणी आणून द्यावी लागली, पस्तीस रुपये, तेही याच हिशोबात धरा.