वाघ रंगवताना मुंगसाचा जीव नको: सिंथेटिक ब्रशचं परीक्षण

वन्यप्राण्यांची चित्रं काढणाऱ्याने मुंगसाच्या केसांचा ब्रश वापरू नये, आणि आता तो वापरायची गरजही उरलेली नाही. बाजारात मिळणारे सिंथेटिक ब्रश वाघाची फर, शेकरूची शेपटी, बिबट्याच्या मिशा रंगवायला पुरतात का, हा या परीक्षणाचा विषय आहे. बारीक कामाला ते पुरून उरतात. मोठ्या, ओल्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थराला, कमी पडतात, पण त्यावर तोडगा आहे. तैलरंगात थोडी सवय बदलावी लागते.

आधी मुंगसाबद्दल, कारण नेमकं काय सोडायचं ते कळल्याशिवाय पर्यायाची पारख होत नाही. मुंगसाचा केस डुकराच्या केसाइतका ताठ नसतो आणि सेबलइतका, म्हणजे वीझल या छोट्या रानटी प्राण्याच्या केसाइतका, मऊही नसतो. दाबला की चटकन सरळ होतो, टोकाला निमुळता असतो. त्यामुळे तैलचित्रं काढणारे आणि पाट्या रंगवणारे त्याच्या मागे लागले. पण हा केस जिवंत प्राण्याचा कातरून आणलेला नसतो. एक किलो केसांसाठी साधारण ५० मुंगसं मारली जातात. मुंगूस पाळून केस काढण्याचा कुठलाही कायदेशीर धंदा आपल्याकडे नाही, तेव्हा 'हा फार्मचा माल आहे' असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं समजावं. भारतातल्या मुंगसाच्या सहाही जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. शिकार, केसांचा व्यापार, ब्रशची विक्री, सगळंच त्यात आलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे ब्रश बनवण्याचं मोठं केंद्र, तिथे तर छापे पडलेच, पण मुंबई आणि पुणेही त्या यादीत होते. हजारो ब्रश आणि शंभर किलोहून अधिक कच्चे केस जप्त झाले. शेताच्या बांधावर उंदीर आणि साप खाणारा, दिसला तर दिवस चांगला जातो असं आपण मानतो तो हा प्राणी.

दुकानात 'मुंगूस' असं कुणी छापत नाही. 'नॅचरल हेअर', 'स्पेशल हेअर' असं काहीतरी लिहिलेलं असतं, किंवा काहीच नसतं. ब्रश उजेडात धरून केस पसरवून पाहावेत. मुंगसाच्या एकाच केसावर गडद आणि फिकट पट्टे असतात: टोक गडद तपकिरी, मध्ये सायीसारखा फिकट पट्टा, खाली पुन्हा गडद. सगळ्या केसांचे पट्टे एका रेषेत आल्यामुळे ब्रशच्या मध्यावर फिकट कडं दिसतं. घोटाळा असा की काही सिंथेटिक ब्रशही मुद्दाम असेच रंगवतात. तिथे एका केसाची परीक्षा उपयोगी पडते. आपल्याकडे आधीपासून असलेल्या ब्रशचा एकच केस उपटून चिमट्याने ज्योतीशी न्यावा. सिंथेटिक केस आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. खरा केस चुरचुरतो, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. या परीक्षेतून प्राण्याचा केस आहे एवढंच कळतं, कुठल्या प्राण्याचा ते नाही. शेळीचा केसही असाच जळतो. पट्टे आणि जळका वास दोन्ही असतील तर ब्रश बाजूला ठेवावा. अंतिम खात्री प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

आता सिंथेटिककडे. हे केस नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे, टोकाकडे निमुळते केलेले असतात. आपल्याकडे सहज मिळणारा म्हणजे कॅमल कंपनीचा सोनेरी केसांचा सिंथेटिक, ६६ नंबरची मालिका गोल ब्रशची आणि ६७ चपट्या ब्रशची. शाळेजवळच्या स्टेशनरीतही तो असतो. वरच्या किमतीत प्रिन्सटनचे नेपच्यून आणि अॅक्वा एलिट, एस्कोडाचा व्हर्सातिल. नेपच्यूनमध्ये खारीच्या केसांची नक्कल आहे, अॅक्वा एलिट आणि व्हर्सातिलमध्ये कोलिन्स्की सेबलची. रोजच्या सरावाला कॅमल पुरे. पदरी पैसे असतील तर महागातला एकच घ्यावा, गोल ८ नंबर, कारण निम्म्याहून अधिक चित्र त्याच ब्रशने होतं.

वाघाच्या गालाचा एक तुकडा रंगवून पाहिला की ब्रशची सगळी लायकी कळते. ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद घ्यावा. यलो ऑकरमध्ये थोडा बर्न्ट सिएना घालून चपट्या ब्रशने पातळ थर द्यावा, गालाच्या पांढऱ्या भागाला हात लावू नये. थर पूर्ण वाळला की ६ नंबरचा गोल ब्रश दाट रंगात बुडवून फडक्यावर टिपावा आणि अंगठा व तर्जनीत दाबून केस पसरवावेत. आता एका फटकाऱ्यात सहा-सात बारीक रेषा उठायला हव्यात. इथे सिंथेटिकची स्प्रिंग कामी येते. मऊ नैसर्गिक केस ओले झाले की पुन्हा एकत्र येतात, सिंथेटिक पसरलेले राहतात, त्यामुळे फरसाठी ते उलट सोयीचे. फटकारे लवीच्या दिशेने जायला हवेत: नाकाच्या दांड्यावर आखूड आणि कपाळाकडे जाणारे, गालावर लांब, मागे आणि खाली वळणारे. दिशा चुकली की फर उलटी विंचरल्यासारखी दिसते आणि कितीही बारकाई केली तरी वाघ खरा वाटत नाही. पट्टे ट्यूबमधल्या काळ्याने भरू नयेत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा जिवंत राहतो. पट्ट्याची कड सरळ ओढू नये, लवीच्या दिशेने आखूड रेघा ओढून ती तुटक करावी. आणि पट्टे मनाने काढू नयेत. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची रचना वेगळी असते, कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून वाघ मोजणारे त्यावरूनच एकेक वाघ ओळखतात. ताडोबातल्या एखाद्या ठरावीक वाघिणीचं म्हणून चित्र विकायचं असेल तर तिच्या दोन्ही कुशींचे फोटो हवेत. डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टेही सारखे नसतात.

याच परीक्षेत सिंथेटिकचं मोठं वैगुण्यही दिसतं. खऱ्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यात पाणी अडकतं आणि हळूहळू सुटतं. नायलॉनचा केस गुळगुळीत, त्यामुळे कागदाला टेकताच पहिल्या इंचातच पाण्याचा ढब्बा पडतो आणि पुढच्या चार इंचांत ब्रश कोरडा. रंग भरून घेतल्यावर ब्रशच्या पोटाला, म्हणजे धातूच्या नळीजवळच्या फुगीर भागाला, एकदा ओलसर स्पंज टेकवावा. टोक टेकवू नये. ढब्बा पडणं बरंचसं थांबतं. दुसरं, सेबलचा ६ वापरायची सवय असेल तिथे सिंथेटिकचा ८ किंवा १० घ्यावा. टोक तितकंच बारीक राहतं आणि पोटात पाणी जास्त मावतं. गवताळ रानाची पार्श्वभूमी किंवा पावसाळी आभाळ एका दमात भरायचं असेल तर मात्र हट्ट करू नये. तिथे शेळीच्या केसांचा रुंद हाके ब्रश घ्यावा. शेळी पाळीव प्राणी आहे, त्यात कायद्याचा भंग नाही की रानातला कुठला जीव जात नाही. नवा सिंथेटिक पहिल्या काही चित्रांत जास्त निसरडा वागतो. केसांना लावलेला डिंक नीट न निघाल्यानेही तसं होतं. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून, बोटांनी चोळून तो पूर्ण काढावा.

मिशांना रिगर, म्हणजे लांब केसांचा सडपातळ ब्रश, नंबर १ किंवा २. पांढरा ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, दुधाइतका पातळ करून, मनगट कागदावर न टेकता खांद्यातून हात फिरवायचा आणि शेवटी ब्रश उचलत न्यायचा. रेषा थरथरली तर बहुतेक वेळा दोष ब्रशचा नसून रंग जास्त दाट असतो. मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग लागू नये म्हणून कागदावर लावायच्या पातळ रबराने, मिशा राखायच्या असतील तर जुनाच सिंथेटिक वापरावा. आधी तो साबणाच्या फेसात बुडवून घ्यावा, नाहीतर रबर केसांत बसतं आणि ब्रश कायमचा जातो. माकडाची, अस्वलाची दाट फर पटकन उठवायला दातेरी ब्रशही मिळतात. पाहायला आकर्षक वाटतात, पण सगळ्या रेषा समान अंतरावर उमटल्यामुळे फर नकली दिसते. ते न घेतलेले बरे.

मुंगसाची खरी जागा तैलरंगात होती, त्यामुळे तिथला पर्याय महत्त्वाचा. विन्सर अँड न्यूटनची मोनार्क मालिका मुद्दाम मुंगसाच्या केसांची नक्कल म्हणून केलेली आहे. रंग मऊपणे मिसळण्याचं काम ती चांगलं करते. ती मिळाली नाही तर अॅक्रिलिकसाठीचे थोडे ताठ सिंथेटिक फिलबर्ट, म्हणजे गोल टोकाचे चपटे ब्रश, ४ आणि ८ नंबर, चालतात. फक्त रंगात थोडं जवसाचं तेल घालून तो सैल करावा. दाट रंग थेट ट्यूबमधून ओढायचा असेल तर डुकराच्या केसांचा ब्रश आहेच.

सेबलचा मुद्दाही इथेच आला पाहिजे. कोलिन्स्की हा सायबेरियन वीझलच्या शेपटीचा केस. या प्राण्याची नोंद भारताने सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात केलेली आहे, म्हणून २०१३ पासून अमेरिकेत या ब्रशची आयात अडकली होती. मुंगूस सोडून सेबलकडे वळण्यात काहीच साध्य होत नाही.

सिंथेटिक शेवटी प्लास्टिक आहे, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. दर चार महिन्यांनी फेकायचा असेल तर तो पर्याय अपुरा ठरतो, म्हणून निगा महत्त्वाची. ब्रश लवकर खराब होण्याचं पहिलं कारण म्हणजे तो टोकावर उभा करून पाण्याच्या भांड्यात ठेवणं. टोक वाकून त्याचा आकडा होतो. नैसर्गिक केस सुकताना बऱ्याचदा सरळ होतो, प्लास्टिकचा होत नाही. वाकलेलं टोक चहाइतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावं, बोटांनी पॉइंट काढावा आणि तसंच वाळू द्यावं. उकळतं पाणी नको, नळीतला गोंद सुटतो. अॅक्रिलिक नळीपर्यंत चढू देऊ नये. तिथे वाळलेला रंग केस फाकवतो आणि मग कुठल्याच उपायाने पॉइंट येत नाही. तैलरंगाचा ब्रश आधी खाण्याच्या तेलात चोळून पुसावा, मग साबणाने धुवावा. कोकणातल्या पावसाळ्यात सिंथेटिकचा एक मोठा फायदा कळतो. खऱ्या केसांना बुरशी येते, कसर लागते, याला नाही. लाकडी दांडा मात्र तसाच फुगतो आणि नळी डुगडुगते, म्हणून धुतलेला ब्रश आडवा वाळवावा.

खरेदीच्या वेळी दुकानात पाणी मागावं. डिंक धुऊन मनगटाला एक झटका द्यावा. केस एका टोकात आले तर ब्रश घ्यावा, टोक दुभंगलं तर परत करावा, मग तो कितीही नावाजलेला असो. नळी हलते का, हेही पाहावं. सुरुवातीला गोल २, ६, १०, अर्ध्या इंचाचा चपटा, एक रिगर आणि एक हाके एवढं भरपूर झालं. बारा ब्रशचा संच घेऊ नये, त्यातले निम्मे कधीच वापरले जात नाहीत.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं ब्रश घेतात ते चित्रकलेच्या शिक्षकांनी दिलेल्या यादीप्रमाणे. त्या यादीत 'चांगला ब्रश' असं मोघम न लिहिता 'सिंथेटिक केसांचा, गोल, नंबर ६' असं लिहावं आणि दुकानदाराकडून बिलावरही 'सिंथेटिक' लिहून घ्यायला सांगावं. वाघाची चित्रप्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांनीही स्पर्धेच्या नियमांत हे एक वाक्य घालायला हवं. फ्रेमखाली 'वाघ वाचवा' लिहून वर मुंगसाचे केस वापरणं मला मान्य नाही.

घरात जुने मुंगसाचे ब्रश असतील तर ते विकू नयेत, विद्यार्थ्यांना वाटू नयेत, जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावेत. कुठे विक्री होताना दिसली तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं. पुरावा म्हणून ब्रश विकत घेऊ नये, खरेदी केली तर आपणही त्याच गुन्ह्यात अडकतो. दुकानाचं नाव, पत्ता, तारीख आणि पाकिटावरच्या लेबलचा फोटो एवढं पुरतं.