परसबागेला काय घालावं: शेणखत, गांडूळखत की घरचं कंपोस्ट?

वळवाचे एक-दोन सडे पडले की बेळगावात घरोघरी बागेची लगबग सुरू होते, आणि पहिला प्रश्न खताचाच असतो.

शेणखत स्वस्त, भरपूर मिळणारं. खानापूरकडच्या तांबड्या, पाणी न धरणाऱ्या मातीला त्याचा मोठा आधार. निपाणी-चिकोडीकडची चिकट काळी मातीही त्याने भुसभुशीत होते. नत्र मात्र जेमतेम अर्धा टक्का. आणि ते पुरतं कुजलेलंच हवं. हे मी लॉन घालवून शिकलो. मेअखेरीस अर्धकच्चं शेण गवतावर पसरलं. वळवानंतर भुंगेरे बाहेर पडतात, त्यांनी तिथेच अंडी घातली. ऑगस्टात गवत पिवळं पडलं म्हणून ओढून पाहिलं, तर घोंगडं उचलावं तसं हातात आलं. मुळं खाल्लेली, खाली चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या. हुमणी! उसाला लागते तीच. त्यामुळे आता विकत घेण्याआधी ढिगात हात घालतो. ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते खत अजून तयार नाही.

लॉन आणि कुंड्यांना गांडूळखतच घाला. महाग पडतं, पण चाळून गवतावर पसरता येतं, नत्र साधारण दीड टक्का असतं आणि तणही कमी उगवतं. घरी करायचं तर दीड-दोन महिने लागतात. एप्रिल-मेत वरचं गोणपाट सतत ओलं ठेवावं लागतं, मुंग्या-उंदरांवर लक्ष ठेवावं लागतं. सुट्टीत घराला कुलूप लावून जाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये.

थोडा परस असेल तर मी घरचं कंपोस्टच सुचवेन. एक वाटी भाजीच्या सालींवर दोन वाट्या सुकी पानं, एवढंच प्रमाण. खड्डा मात्र खणू नका. आपल्याकडच्या जुलैत तो पाण्याने भरतो, हवा कोंडते आणि दुर्गंधी सुटते. जमिनीवरच फटी ठेवून विटा रचा, वर पत्रा टाका. आतला कचरा मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब गळावेत. धार लागली तर आणखी पानं घाला. तीन-चार महिन्यांत खत होतं.

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, ते मातीला विरजणासारखं. या तिन्हींपैकी एकाच्या जोडीला द्या, बदली नव्हे. २० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सावलीत ठेवून रोज ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं.